महायुद्धाचे पहिले पाच महिने भिंतीवर: १९१४ चा अचूक दिनपट कसा करावा

शाळेत, ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात पहिल्या महायुद्धाचा दिनपट, म्हणजे तारीखवार घटनांचा तक्ता, लावायचा ठरलं की बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकातल्या पंधरा-वीस तारखा उचलल्या जातात. साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, ऑस्ट्रियाची युद्धघोषणा, ब्रिटन युद्धात उतरला तो ४ ऑगस्ट, मग थेट खंदकांची चित्रं. एकेक तारीख बरोबर असते, तरी पट चुकतो. त्यातून असं वाटतं की एका दिवशी युद्ध ‘सुरू झालं’ आणि सगळे देश त्यात एकदम पडले. तसं झालेलं नाही. ऑस्ट्रिया आणि रशिया अधिकृतपणे एकमेकांशी युद्धात उतरले ते ६ ऑगस्टला, म्हणजे जर्मनी बेल्जियममध्ये शिरून दोन दिवस झाल्यावर. सुरुवातीचे हे महिने समजून घ्यायचे तर प्रत्येक घटनेच्या तीन तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतात: ती कधी घडली, कधी जाहीर झाली आणि आपल्याकडे कधी कळली. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती उभी आहे.

कागद आणि माप

पट २८ जून ते ३१ डिसेंबर १९१४ असा घ्यावा. हे १८७ दिवस होतात. एका दिवसाला अडीच सेंटिमीटर दिले तर पुरेसं वाटतं, पण २३ जुलै ते १२ ऑगस्ट या २१ दिवसांत नोंदींची इतकी गर्दी होते की स्टिकरवर स्टिकर चढतो. म्हणून या २१ दिवसांना रोज १० सेंटिमीटर द्या. हिशेब असा: २१ दिवसांचे २१० सेंमी, उरलेल्या १६६ दिवसांचे ४१५ सेंमी, एकूण ६२५. डावीकडे पट्ट्यांची नावं लिहायला १२ सेंमी सोडा, म्हणजे ६३७ झाले.

५६ × ७१ सेंमीचा कार्डशीट आडवा लावायचा. नऊ कागदांचे ६३९ सेंमी होतात म्हणून नऊच आणले जातात आणि फसगत होते. प्रत्येक जोडाला २ सेंमी एकावर एक चढवावे लागतात, आठ जोडांत १६ सेंमी जातात आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा भिंतीवर येतो. दहा कागद घ्या. नऊ जोड वजा जाता ६९२ सेंमी मिळतात आणि उजवीकडे ५५ सेंमी मोकळे राहतात. ती जागा लागते, त्याबद्दल शेवटी.

डावीकडची जागा १२ च सेंमी का, तर जोड कुठे पडतो यासाठी. १२ ठेवले की तिसरा जोड ५ ऑगस्टच्या रकान्यात येतो आणि १ ते ४ ऑगस्ट हे चार दिवस एका सलग कागदावर मिळतात. २० ठेवले तर जोड नेमका ४ ऑगस्टवर येतो, आणि सगळ्यात जास्त स्टिकर तिथेच लागणार असतात.

५६ सेंमी उंचीपैकी वरचे ७ सेंमी तारखांना द्या. उरलेल्या ४९ मध्ये प्रत्येकी ७ सेंमीच्या सात आडव्या पट्ट्या आखा: पश्चिम आघाडी; पूर्व आघाडी आणि सर्बिया; समुद्र; आफ्रिका, चीनचा किनारा आणि पॅसिफिक; ऑटोमन (तुर्की) साम्राज्य आणि मेसोपोटेमिया (आजचा इराक); राजकारण आणि पैसा; हिंदुस्थान. ‘युरोप’ आणि ‘बाकीचं जग’ अशा दोनच पट्ट्या करू नका. दुसरीत आफ्रिकेतल्या टोगोपासून चीनमधल्या त्सिंगताओपर्यंत सगळं कोंबावं लागतं आणि युद्ध पहिल्या महिन्यातच जगभर पसरलं होतं हे दिसेनासं होतं.

माप बदलतं त्या दोन्ही जागी, म्हणजे २३ जुलैच्या आधी आणि १२ ऑगस्टच्या नंतर, वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ ओढा आणि बाजूला ‘इथे माप बदलतं’ असं लिहा. ती रेघ नसेल तर पाहणाऱ्याला सप्टेंबर ऑगस्टपेक्षा कितीतरी लहान वाटतो.

स्टिकर भिंतीवर, मजकूर पेटीत

पटावर मजकूर लिहायचा नाही. बारा मिलिमीटरचा गोल स्टिकर, त्यावर क्रमांक आणि शेजारी दोन-तीन शब्द, एवढंच. पूर्ण नोंद त्याच क्रमांकाच्या ३ × ५ इंची कार्डावर, आणि कार्डं पटाखालच्या पेटीत. पहिल्या खेपेला शंभर-सव्वाशे कार्डं पुष्कळ झाली.

एकाहून अधिक दिवस चाललेल्या लढाईला स्टिकर लावू नये, रंगीत कागदाची पट्टी कापावी. फ्रान्समधली मार्नची लढाई ६ ते १२ सप्टेंबर धरली तर सात दिवस, म्हणजे साडेसतरा सेंमी. पूर्व आघाडीवरची टॅनेनबर्गची लढाई २६ ते ३० ऑगस्ट, साडेबारा सेंमी. बेल्जियममधली ईप्रची पहिली लढाई १९ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर, पस्तीस दिवस, साडेसत्त्याऐंशी सेंमी. या तीन पट्ट्या लावून झाल्या की १९१४ मध्ये युद्धाचा वेग कसा बदलला ते लांबूनही दिसतं. मार्नच्या पट्टीची डावी कड तिरकी कापा, कारण पॅरिसच्या ईशान्येला उर्क नदीपाशी ५ तारखेलाच चकमक जुंपली होती आणि काही पुस्तकं तिथूनच मोजतात.

कार्डावर सात ओळी असाव्यात: क्रमांक, काय झालं (एका पूर्ण वाक्यात), ठिकाण (तेव्हाचं आणि आजचं नाव), तिथली तारीख आणि वेळ, कधी जाहीर झालं, मुंबई-पुण्यात कधी कळलं, आणि नोंद ज्यावरून घेतली ते दोन आधार. एकच आधार सापडला तर स्टिकर पिवळा, दोन असतील तर हिरवा. ‘एका पूर्ण वाक्यात’ यावर अडून बसा. ‘बेल्जियम – ४ ऑगस्ट’ असं कार्ड निरुपयोगी आहे. ‘४ ऑगस्टच्या सकाळी जर्मन फौजा बेल्जियमच्या हद्दीत शिरल्या’ असं लिहायला बसलं की कोण, कुठे आणि कधी हे आपोआप शोधावं लागतं.

ठिकाणाच्या ओळीत दोन्ही नावं का, तर नावं याच महिन्यांत बदलत होती. सेंट पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड झालं ते १९१४ च्या सप्टेंबरच्या तोंडावर. जुलैच्या कार्डावर पेट्रोग्राड लिहिलेलं दिसलं तर ते कार्ड नंतरच्या काळातल्या मजकुरावरून उतरवलं आहे, पुन्हा तपासा. लेम्बर्ग म्हणजे आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह, त्सिंगताओ म्हणजे चीनमधलं छिंगदाओ.

तारीख ठरवताना कुठे चुकतं

सगळ्यात जास्त चुका पंचांगाच्या. १९१४ मध्ये रशिया आणि सर्बिया जुनं ज्युलियन पंचांग वापरत होते आणि ते आपल्या नेहमीच्या तारखेच्या १३ दिवस मागे होतं. जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं त्या १ ऑगस्टला रशियन कागदपत्रांवर १९ जुलै आहे. साराजेव्होच्या खुनाचा २८ जून हा सर्बियन पंचांगात १५ जून, म्हणजे त्यांचा विदोव्दानचा सण. रशियन आठवणी किंवा तारा वाचताना १३ दिवस मिळवायचे. एकोणिसाव्या शतकात हा फरक १२ दिवसांचा होता, त्यामुळे जुन्या पुस्तकातला तक्ता डोळे झाकून वापरू नये. ऑटोमन कागदपत्रांत तर वर्षही निराळं दिसेल: २९ ऑक्टोबर १९१४ ही त्यांच्या सरकारी रूमी पंचांगात १६ तेश्रिन-इ-एव्वेल १३३०. इथेही तारखेत १३ दिवसांचा फरक, आणि वर्षात ५८४ मिळवायचे.

तारीख पडताळायची सोपी युक्ती म्हणजे वार. १९१४ चं कॅलेंडर २०१५ आणि २०२६ च्या कॅलेंडरशी तंतोतंत जुळतं. २०२६ चं कॅलेंडर शेजारी टांगून ठेवा. २८ जून रविवार, ४ ऑगस्ट मंगळवार, २५ डिसेंबर शुक्रवार. एखाद्या पत्रात ‘मंगळवार, ५ ऑगस्ट’ असं आलं तर वार किंवा तारीख, दोन्हीपैकी एक चूक आहे.

दुसरा सापळा घड्याळाचा. ब्रिटननं बेल्जियमबाबत जर्मनीला दिलेली मुदत ४ ऑगस्टला लंडनच्या रात्री ११ वाजता संपली. बर्लिनमध्ये तेव्हा मध्यरात्र होती. भारतीय प्रमाणवेळेनं ५ ऑगस्टच्या पहाटेचे साडेचार. पण मुंबई शहर तेव्हा आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ चालवत होतं, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि ते पुढे १९५५ पर्यंत चाललं. म्हणून मुंबईच्या घड्याळात ३ वाजून ५१ मिनिटं. कार्डावर स्थानिक वेळ लिहा आणि क्रमांक मात्र सगळ्यांना ग्रिनिच वेळेच्या क्रमानं द्या. नाहीतर एकाच दिवशी दोन समुद्रांत घडलेल्या गोष्टींचा क्रम उलटा लागतो.

तिसरा सापळा ‘युद्धात उतरला’ या शब्दांचा. लष्कर जमवायचा हुकूम, पहिला गोळा, युद्धाची घोषणा आणि प्रत्यक्ष लढाई या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना चार वेगळ्या आकारांचे स्टिकर द्या. रशियानं सार्वत्रिक लष्करभरतीचा हुकूम ३० जुलैला काढला, त्यात युद्धाची घोषणा नव्हती. ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला, तेही तारेनं. त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर, सर्बियाची राजधानी बेलग्रेडवर तोफा डागल्या गेल्या. पण बेलग्रेड ऑस्ट्रियाच्या हाती पडलं २ डिसेंबरला आणि सर्बियानं ते १५ डिसेंबरला परत घेतलं.

घोषणांसाठी पटाशेजारी एक लहान चौकट आखावी: आडवे देश एका बाजूचे, उभे दुसऱ्या बाजूचे, खणात तारीख. जर्मनी-रशिया १ ऑगस्ट. जर्मनी-फ्रान्स ३ ऑगस्ट. ब्रिटन-जर्मनी ४ ऑगस्ट. ऑस्ट्रिया-रशिया ६ ऑगस्ट. ब्रिटन-ऑस्ट्रिया १२ ऑगस्ट. जपान-जर्मनी २३ ऑगस्ट. भरलेल्या खणांइतकेच रिकामे खण बोलके असतात. इटली ऑस्ट्रिया-जर्मनीच्या करारात असूनही तटस्थ राहिला, त्याचे सगळे खण रिकामे. पोर्तुगालचेही रिकामे, त्यामुळे हिंदुस्थानच्या पट्टीत गोवा तटस्थ रंगात दाखवावा लागतो. तरी १८ डिसेंबरला अंगोलातल्या नाउलिला इथे जर्मन आणि पोर्तुगीज सैनिक एकमेकांशी लढले होते. घोषणेचा खण कोरा आणि लढाईचा स्टिकर लागलेला, असं हे एकच कार्ड चार आकार का हवेत ते पटवून देतं.

ऑटोमन साम्राज्याची तारीख सर्वाधिक वेळा चुकीची छापलेली आढळते, कारण प्रत्येक पुस्तक वेगळा क्षण पकडतं. जर्मनीशी गुप्त करार २ ऑगस्ट. गोबेन आणि ब्रेस्लाउ या जर्मन युद्धनौका ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे आल्या आणि यावूझ, मिदिल्ली अशी नावं घेऊन तुर्की निशाणाखाली गेल्या. याच नौकांसह तुर्की आरमारानं २९ ऑक्टोबरला ओडेसा, सेव्हास्तोपोल या रशियन बंदरांवर हल्ला केला. रशियाची घोषणा २ नोव्हेंबर, ब्रिटन आणि फ्रान्सची ५ नोव्हेंबर, जिहादचं आवाहन १४ नोव्हेंबर. सहा कार्डं करा, एकही गाळू नका.

२२ सप्टेंबर: एक दिवस पूर्ण भरून पाहा

पद्धत हाताला बसण्यासाठी समुद्राच्या पट्टीतला हा एक दिवस आधी भरावा. अडीच सेंटिमीटरमध्ये दोन मोठ्या घटना बसवायच्या आहेत.

सकाळी सव्वासहानंतर उत्तर समुद्रात, डच किनाऱ्याजवळ, यू-९ या जर्मन पाणबुडीनं ब्रिटिशांची आबुकीर ही क्रूझर टॉर्पेडोनं बुडवली. पाणसुरुंग लागला असावा असं समजून हॉग आणि क्रेसी या जोडीच्या नौका माणसं वाचवायला थांबल्या आणि सुमारे दीड तासात त्याही बुडाल्या. १,४५९ माणसं गेली. कार्डावर फक्त ‘तीन नौका बुडाल्या’ असं लिहिलं तर तीन का बुडाल्या हे राहून जातं. थांबल्या म्हणून बुडाल्या, हे त्या एका वाक्यात आलंच पाहिजे.

त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास कार्ल फॉन म्युलरच्या एम्डेन या जर्मन क्रूझरनं मद्रास बंदरावर तोफा डागल्या. सुमारे सव्वाशे गोळे, आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांना आग. मद्रासला भारतीय प्रमाणवेळ होती, म्हणजे ग्रिनिच वेळेनं दुपारचे चार. क्रमांक देताना पाणबुडी आधी, एम्डेन नंतर.

एम्डेनचा स्टिकर मद्रासपाशी लावून थांबू नका. १० सप्टेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात तिनं शत्रूची जहाजं पकडायला सुरुवात केली आणि ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरनं तिला निकामी केलं. एकसष्ट दिवस, म्हणजे १५२.५ सेंमीची पट्टी. मधे २८ ऑक्टोबरला पिनांग बंदरात तिनं रशियन क्रूझर झेमचुग बुडवली. ही लांब पट्टी हिंदुस्थानच्या पट्टीवर दोऱ्यानं बांधली की हिंदुस्थानातून फौजा नेणाऱ्या जहाजांना लढाऊ नौकांचा पहारा का लागत होता याचं उत्तर पटावरच मिळतं.

हिंदुस्थानची पट्टी

हिंदुस्थाननं वेगळी घोषणा केली नाही. राजाची घोषणा सगळ्या साम्राज्याला लागू झाली. त्यामुळे इथे घोषणेचा स्टिकर लावायचा नाही, वरच्या पट्टीतून बाण खाली आणायचा.

या पट्टीत फौजांच्या तुकड्या अक्षरांनी ओळखाव्यात, नाहीतर गोंधळ होतो. ‘ए’ फोर्स फ्रान्सला: लाहोर डिव्हिजन २६ सप्टेंबरला मार्सेयला उतरली. ऑक्टोबरअखेर हिंदी शिपाई ईप्रच्या लढाईत होते. ३१ ऑक्टोबरला १२९व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खान यांनी गाजवलेल्या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘बी’ फोर्स पूर्व आफ्रिकेला: १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघाली आणि २ ते ५ नोव्हेंबरला टांगा इथे जवळपास आठ हजारांची ही फौज जर्मन सेनानी फॉन लेटो-फोरबेकच्या सुमारे हजार माणसांपुढे मागे हटली. ‘डी’ फोर्स इराणच्या आखाताकडे. महाराष्ट्राचा सरळ संबंध इथे येतो.

डी फोर्सची आघाडीची १६वी ब्रिगेड पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची होती आणि तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. ब्रिगेड मुंबईहून १६ ऑक्टोबरला निघाली, २३ तारखेला बहारीनला पोचली आणि ६ नोव्हेंबरला आजच्या इराकच्या किनाऱ्यावर फाओ इथे उतरली. ब्रिटननं ऑटोमन साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारलं ५ नोव्हेंबरला. म्हणजे माणसं घोषणेच्या तीन आठवडे आधीच बंदरातून निघाली होती. पटावर ‘मुंबईहून निघाली’ आणि ‘घोषणा’ हे दोन स्टिकर एकाखाली एक आले की हे बोट ठेवून दाखवता येतं. पुढे बेळगावच्या १८व्या ब्रिगेडबरोबर ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आली. १७ नोव्हेंबरला साहिलची लढाई, २२ नोव्हेंबरच्या सुमारास बसरा हाती, ९ डिसेंबरला कुर्ना. या दोन्ही पलटणींचा वारसा आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीत आहे.

आपल्या तालुक्यातली नावं शोधताना एक काळजी घ्या. सातारा, रत्नागिरी, पुणे भागातल्या अनेक गावांत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले’ अशा फरशा आहेत. त्यांवरचा आकडा सबंध युद्धाचा आहे, १९१४ ते १९१९ असा काळ त्यावरच कोरलेला असतो. तो आकडा पहिल्या पाच महिन्यांच्या पटावर चिकटवू नये. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत शोधयादीत मृत्यूची तारीख ४ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर १९१४ अशी घालून पलटणीप्रमाणे शोधा. पलटणीचं नाव आजच्या ‘मराठा’च्या स्पेलिंगनं टाकलं तर यादी रिकामी येऊ शकते. तेव्हाच्या इंग्रजीत ‘माहरट्टा’ असं लिहीत, ‘एच’ आधी आणि ‘टी’ दोन. बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण तिथल्या शिळांवर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीवार आकडे आहेत. म्हणून स्मारकाचा फोटो पुरावा म्हणून पुरत नाही, यादीच पाहावी लागते. लढाईचा दिवसवार तपशील हवा असेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धडायऱ्या ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत, आणि भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या चाळता येतं.

राजकीय कार्डांत टिळकांचं कार्ड हमखास चुकीच्या जागी लागतं. मंडालेहून सुटून ते पुण्यात आले १९१४ च्या जूनच्या मध्यावर, म्हणजे पटाच्या डाव्या कडेच्याही आधी. युद्धात सरकारला पाठिंबा देणारं त्यांचं पत्र ऑगस्टअखेरचं आहे, ते पटावर हवं. गोखले युद्ध सुरू होताना पॅरिसमध्ये अडकले होते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून ६ ऑगस्टला इंग्लंडला पोचले ते त्यांनाच भेटायला. २९ सप्टेंबरचा कोलकात्याजवळच्या बजबज इथला कोमागाटा मारू जहाजाच्या प्रवाशांवरचा गोळीबारही याच पट्टीत. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या पुढाकारानं हिंदी संस्थानिकांनी चालवलेलं ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाजही घ्यावं.

बातमी आणि घटना

कार्डावरची ‘इथे कधी कळलं’ ही ओळ भरायला त्या काळची वर्तमानपत्रं लागतात. ‘केसरी’ तेव्हा मंगळवारचं साप्ताहिक होतं. ४ ऑगस्ट हा मंगळवारच, पण ब्रिटनची मुदत संपली त्या रात्री. म्हणून ४ ऑगस्टच्या अंकात ब्रिटनची युद्धघोषणा असू शकत नाही. नियमित अंक पुढचा, ११ तारखेचा. साप्ताहिकाच्या तारखेवरून घटनेची तारीख कधीच ठरवायची नाही, दैनिकातली तार पाहायची. मुंबईच्या दैनिकांचे अंक हाती नसतील तर ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ हे मोफत संग्रह उपयोगी पडतात. साम्राज्यभर रॉयटरच्याच तारा जात असल्यानं मजकूर बहुधा तोच सापडतो.

५ ऑगस्टच्या पहाटेच ब्रिटिशांनी समुद्राखालच्या जर्मन तारा कापल्या. तिथून पुढे हिंदुस्थानात येणारी बातमी मुख्यतः लंडनहून गाळून आलेली असे. म्हणून पहिल्या दोन आधारांपैकी एक तरी दुसऱ्या बाजूचा किंवा नंतरच्या संशोधनाचा असावा. याचं ठळक उदाहरण ऑडेशस या ब्रिटिश युद्धनौकेचं. ती २७ ऑक्टोबर १९१४ ला आयर्लंडच्या उत्तरेला पाणसुरुंगावर आदळून बुडाली. ब्रिटिश सरकारनं ते अधिकृतपणे मान्य केलं १४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबल्यावर तीन दिवसांनी. या कार्डावर ‘घडलं’ आणि ‘जाहीर’ यांत चार वर्षांचं अंतर पडतं.

अफवांनाही जागा द्या, करड्या रंगात. रशियन फौजा स्कॉटलंडमार्गे फ्रान्सला निघाल्याची आवई ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्या ब्रिटनमध्ये खरी मानली गेली होती. लोक त्या वेळी काय धरून चालले होते हे कळण्यासाठी ती हवी, फक्त हिरव्या स्टिकरमध्ये मिसळू देऊ नये.

आकड्यांबाबत एक नियम पाळा. इंग्रजी पुस्तकांतला लढाईच्या हानीचा आकडा बहुधा मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी मिळून असतो. मराठीत उतरवताना तो सरसकट ‘ठार’ होतो आणि मॉन्ससारख्या लढाईत मृतांचा आकडा अनेक पटींनी फुगतो. टॅनेनबर्गचे सुमारे ९२ हजार हे कैदी आहेत. उलट २२ ऑगस्टला एका दिवसात फ्रान्सचे सुमारे २७ हजार मारले गेले म्हणतात ते खरोखर मृतच. कार्डावर आकड्यापुढे म, ज, ब, कै यांपैकी एक अक्षर नसेल तर तो आकडा लावू नका.

राजकारण आणि पैशाच्या पट्टीला फार वेळ देऊ नका, पण तीन-चार कार्डं हवीतच. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ३० जुलैला ४ टक्के, ३१ ला ८, १ ऑगस्टला १०. लंडनचा शेअरबाजार ३१ जुलैला बंद झाला. न्यूयॉर्कचाही त्याच दिवशी, आणि तिथे शेअरचे सौदे पुन्हा सुरू झाले १२ डिसेंबरला. युद्धाबाहेरचं एखादं कार्डही लावावं: २१ ऑगस्टचं, आपल्या श्रावण अमावास्येचं, खग्रास सूर्यग्रहण. ते पाहायला क्रिमियात गेलेले जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिख यांना रशियात अटक झाली आणि आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची होऊ घातलेली चाचणी राहून गेली.

लावताना

आधी तारखांची पट्टी, मग लाल रेघा, मग लढायांच्या लांब पट्ट्या, आणि शेवटी स्टिकर. उलट केलं तर पट्ट्या स्टिकर झाकतात. पट्ट्यांना डिंक फक्त दोन टोकांना लावा, तारीख सुधारावी लागली की सोडवता येतात. पावसाळ्यात ओल असलेल्या भिंतीवर कागद थेट चिकटवला तर आठवड्यात फुगतो. मागे पातळ प्लायवूड किंवा थर्माकोलचा तक्ता द्या.

उजवीकडचे ५५ सेंमी हे १९१५ चे पहिले २२ दिवस आहेत, तिथे तारखा त्याच मापानं पुढे चालू ठेवा. कॉकेशसमधली सारिकामिशची लढाई २२ डिसेंबरला सुरू होऊन १७ जानेवारीला संपते, तिची पट्टी पूर्ण बसते. लंडनचा शेअरबाजार ४ जानेवारीला उघडतो आणि गांधीजी ९ जानेवारीला मुंबईला उतरतात, हे दोन स्टिकरही बसतात. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या प्शेमिशल किल्ल्याचा ९ नोव्हेंबरपासूनचा रशियन वेढा मात्र २२ मार्च १९१५ पर्यंत चालला. त्याची पट्टी कागदाच्या कडेपर्यंत नेऊन टोकाला बाण काढा आणि बाणावर ती तारीख लिहा.